खजुराच्या बिया आणि हळिवाचा किल्ला

कुवेतमधलं मीना अब्दुल्ला म्हणजे 'अमिनॉइल' या तेलकंपनीने १९५८ साली उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना, त्याच्या आजूबाजूची गोदामं आणि समुद्राकाठची सुट्टीची घरं. या पट्ट्यात नोकरी करणारी मराठी कुटुंबं बहुतेक फहाहील, मंगफ, महबूला इथल्या उंच इमारतींत राहतात. अंगण नाही आणि उन्हाळा भयंकर. कुवेतमधल्या मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला इथे सरकारचीच मनाई असते. अशा दिवसांत चार वर्षांच्या मुलाला कुठे न्यायचं? मॉलमधलं खेळघर, महागडी खेळणी किंवा मोबाइल, एवढंच आईबाबांना सुचतं. मला मात्र इथल्या स्वयंपाकघरावर जास्त भरवसा आहे.

या भरवशाला आधार बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचा. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करताना त्यांनी आणि अनुताई वाघांनी माँटेसोरींची पद्धत घेतली, पण तिची महाग साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंखशिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. मुलाच्या भोवती जे आहे, त्यातूनच त्याचा खेळ उभा राहतो, हे त्या दोघींनी करून दाखवलं.

आपल्या भोवती इथे काय आहे? खजूर! बिया धुऊन गॅलरीत टाकल्या की जूनच्या उन्हात लगेच वाळतात. बी हातात घेऊन नीट पाहा: एका अंगाला लांब खोबण, दुसऱ्या अंगाला बारीकसा ठिपका. म्हणजे कवडीच झाली की! फरशीवर खडूने पट आखायचा, चार बिया टाकायच्या आणि खोबण वर आली तितकी घरं पुढे जायचं. पाच वर्षांचं मूल यात मोजायला शिकतं, आणि मुख्य म्हणजे हरायला. त्याहून लहान असेल तर चमच्याने बिया एका वाटीतून दुसरीत भरू द्या. अर्धा तास सहज जातो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात मात्र बी देऊच नका, घशात अडकते. त्याला कणकेचा गोळा द्या. पोळ्या होईपर्यंत तो शेजारी बसून दिवे, साप, लाडू करत राहील.

पाण्याच्या बाटल्यांचे खोके तर दर आठवड्याला घरात येतातच. त्यांची आगगाडी, दुकान, भातुकलीची चूल, काहीही होतं. रात्रपाळी करून आलेल्या बाबांना पळापळीचे खेळ झेपत नाहीत, तेव्हा अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे-हरणं करावीत. आडवं पडूनही हे जमतं. मोठ्या भावंडांसाठी अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करायची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही फुकट मिळतात. नोव्हेंबर ते मार्च मात्र घरात बसू नये. त्या दिवसांत किनाऱ्यावर वेचलेले शिंपले पुढच्या उन्हाळ्यासाठी डब्यात भरून ठेवावेत. रंग, आकार, खरखरीत-गुळगुळीत अशा वाटण्या करायला ते वर्षभर पुरतात.

आणि किल्ला! दिवाळीला इथे सुट्टी नसते, मातीही नाही, म्हणून तो राहून जातो. इथली वाळू नुसती रचली की ढासळते. त्यापेक्षा खोके एकमेकांवर चिकटवून डोंगर करा. जुना टॉवेल मैद्याच्या पातळ खळीत बुडवून त्यावर पांघरा आणि ओला असतानाच चिमटे घेऊन कडे-कपारी काढा. वाळला की टणक होतो. बुरूज, पायऱ्या, तळं मुलांनाच ठरवू द्या. बुरूज वाकडा झाला तरी सरळ करायला जाऊ नका. हिरवळीसाठी हळीव लागतात, ते अरबी मसाल्याच्या दुकानात 'रशाद' म्हणून मागा. बाळंतिणीला इथेही ते देतात, त्यामुळे सहज मिळतात. पायथ्याशी ताटलीत ओला कापूस पसरून त्यावर ते पेरा आणि पाणी शिंपडायचं काम सर्वांत धाकट्याकडे द्या. घरात एसी असतो, कापूस लवकर सुकतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा शिंपडावं लागतं. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरले, तर लक्ष्मीपूजनापर्यंत चांगली हिरवळ येते.