काटा तळाला जाण्याआधी

तिवशाहून नागपूरला दवाखान्यात जायचे आहे. गाडीत अम्मी, खालाजान, दोन लेकरे आणि जेवणाचे डबे. वर्धा नदीचा पूल ओलांडून तळेगावकडे जाताना मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो. अम्मी विचारतात, "पेट्रोल आहे ना, बेटा?" उत्तर ठरलेले असते, "आहे की अम्मी, रिझर्व्हवर पन्नास किलोमीटर आरामात जाते."

बहुतेक वेळा गाडी पोहोचतेही, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही.

दिवा लागतो तेव्हा साधारण लहान गाडीच्या टाकीत पाच-सात लिटर पेट्रोल उरलेले असते. पण मीटरवर दिसणारे 'इतके किलोमीटर बाकी' हा नुसता अंदाज असतो. गाडीने आतापर्यंत किती तेल खाल्ले त्यावरून तो काढलेला असतो. पुढे चढ लागला, ट्रॅफिकमध्ये अडकलो, एसी वाढवला की तो आकडा भराभर खाली येतो.

नुकसान इंजिनच्या बाजूनेही आहे. आजच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. टाकी सतत तळाला ठेवली तर पंप तापतो, लवकर खराब होतो. डिझेल गाडी पूर्ण कोरडी झाली तर लाइनमध्ये हवा शिरते. मग नुसते डिझेल टाकून भागत नाही, अनेकदा हवा काढायला मिस्त्री बोलवावा लागतो.

पंप दिसला म्हणजे तेल मिळेलच असेही नाही. १ आणि २ जानेवारी २०२४ आठवून पाहा. अपघात करून पळणाऱ्या चालकांना कडक शिक्षा देणाऱ्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रक-टँकरचालकांनी काम थांबवले. नागपूरसह राज्यात अनेक ठिकाणी पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. ज्यांची टाकी आधीच भरलेली होती, ते निवांत होते.

जुन्या हायवेवर गाडी बंद पडली तर एखादा मोटारसायकलवाला पंपापर्यंत नेऊन आणतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, आणि इंटरचेंजशिवाय खाली उतरता येत नाही. गाड्या ताशी शंभर-एकशेवीसने जातात. तिथे कडेला उभी असलेली गाडी हाच मोठा धोका आहे. म्हणून समृद्धीवर चढण्याआधीच टाकी भरावी.

तरीही दिवा लागलाच, तर घाबरून गाडी पळवू नका. वरच्या गिअरमध्ये ताशी पन्नास-साठचा एकसारखा वेग ठेवा, एसी बंद करा, जवळच्या पंपाकडे वळा. उतारावर गाडी न्यूट्रल किंवा बंद करू नका. बंद इंजिनात स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की नव्या गाड्या तसेही इंधन तोडतात.

इंजिन आचके देऊ लागले तर वेग आहे तोवर गाडी डाव्या कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा, मागे त्रिकोण ठेवा. अम्मी आणि लेकरांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हा नंबर लागतो. या भीतीने प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल भरून डिकीत मात्र ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची वाफ होते आणि एक ठिणगीही पुरते.

सगळ्यांवर उपाय एकच आणि सोपा. काटा पाव टाकीवर आला की टाकी रिकामी झाली असे समजा, आणि सफरच्या आदल्या संध्याकाळीच पंपावर जाऊन या. मागे बसलेल्या अम्मींनी, बहिणींनीही निघतानाच विचारावे. चालवणाऱ्याने तो आपला अपमान समजू नये. तेल थोडे आधी भरले म्हणून पैसे जास्त जात नाहीत, पण रात्री अंधाऱ्या हायवेवर लेकरांना घेऊन उभे राहण्याची वेळ टळते.