एकच पीठ, तीन घराणी

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात मराठी घरातलं दळण चक्कीवर जातं आणि तिथून येतो तो आटा. शेजारच्या हिंदी घरात 'पीठ' म्हटलं, तर पाठीला काय झालं म्हणून विचारतील. कापडगिरण्यांच्या आसऱ्यानं वाढलेल्या या कामगार वस्तीत दोन्ही भाषा भिंतीला भिंत लावून राहिल्या. त्यामुळे एक समजूत घट्ट झाली: शब्द मूळचा एकच, दुसऱ्यांनी अर्थ बिघडवला. मराठी माणूस हे हिंदीबद्दल म्हणतो, हिंदी माणूस मराठीबद्दल.

'पीठ'च्या बाबतीत दोघांचंही चुकतं. मराठी पीठ आलं संस्कृत 'पिष्ट'पासून, म्हणजे दळलेलं. हिंदी पीठ आलं 'पृष्ठ'पासून. प्राकृतात जोडाक्षरं झिजली आणि दोन्ही शब्द 'पिट्ठ' या एकाच रूपाला येऊन पोचले. पुढे द्वित्त गेलं, स्वर लांबला आणि पीठ झालं. शक्तिपीठातलं पीठ म्हणजे आसन, ते तिसरंच. संस्कृतातून जसंच्या तसं घेतलेलं. मराठीत पृष्ठाचं 'पाठ' झालं आणि ते शाळेतल्या पाठाशेजारी जाऊन बसलं. हिंदीतही पिष्ट अगदी हरवलं नाही. भिजवून वाटलेल्या डाळीची 'पिट्ठी' कचोरीत भरतात, तिच्यात ते आहे. मला हा शब्दांचा प्रवास फार लोभस वाटतो, कारण कुणी मुद्दाम काही बदललेलं नाही.

'शिक्षा' मात्र खरोखर एकाच मुळाची. मध्य प्रदेशात 'स्कूल शिक्षा विभाग' अशी पाटी वाचून महाराष्ट्रातला पाहुणा दचकतो. पण हिंदीनं इथं काही वाकवलेलं नाही. तिच्याकडे जुनाच अर्थ आहे. वेदांगांतली 'शिक्षा' उच्चार शिकवायची. वळण लावण्यापासून दंडापर्यंत गेलो ते आपण.

कधी अर्थांची गर्दी नुसत्या लेखनामुळे होते. बोटीची 'नाव' आणि माणसाचं 'नांव' पूर्वी अनुस्वारानं वेगळी ओळखू येत. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही एकसारखी दिसू लागली.

आता नात्यांचे शब्द. परदेशीपुऱ्यात 'दादा' अशी हाक आली, तर मराठी घरातला थोरला भाऊ वळेल आणि हिंदी घरातले आजोबा. आफ्रिकेतल्या स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ! जॉर्जियनमध्ये 'मामा' वडिलांना म्हणतात, आईला 'देदा'. असं ऐकलं की लोक लगेच प्राचीन नातं जोडतात, कुणी कुणाकडून शब्द नेला ते सांगू लागतात. तसं मानायला नुसता सारखा आवाज पुरत नाही. रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञानं 1960मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचं कारण उलगडलं: प, ब, म हे ओठांचे आवाज आणि 'आ' बाळाला लवकर जमतात, बाळ ते दोनदोनदा म्हणतं, आणि मोठी माणसं त्या बडबडीला घरातलं एखादं नातं देऊन टाकतात. कुठलं, ते प्रत्येक भाषेचं वेगळं.

म्हणून रशियन आपल्याच इंडो-युरोपीय कुळातली, तरी तिच्यात 'बाबा' म्हणजे बाई किंवा आजी; आणि कुळाबाहेरच्या स्वाहिलीत बाबा म्हणजे वडीलच.