पहिल्या पावसाची भाजी

आज मला ज्या भाजीविषयीं बोलावयाचें आहे ती वर्षांतून फार तर तीन आठवडे मिळते, आणि तीहि बहुधा रस्त्याच्या कडेला बसलेल्या एखाद्या बाईच्या टोपलींत. तिचें नांव शेवळें. श्रोत्यांपैकीं कांहींच्या घरीं ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली असेल. पुष्कळ घरांत मात्र ती एकदांच आणली गेली, सर्वांच्या घशाला खाज सुटली, आणि पुन्हां तिचें नांव निघालें नाहीं. या दुसऱ्या घरांसाठीं माझें आजचें बोलणें आहे. कारण कांहीं वर्षांपूर्वीं आमचें घरहि त्यांतच जमा होतें.

मी राहतें ती वसाहत तळवलीच्या शेजारची. तळवली हें ठाणें-बेलापूर पट्ट्यांतलें जुनें गांव. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी, आणि मध्यें आगरी कुटुंबांची भातशेती, अशी या पट्ट्याची मूळची ठेवण. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठीं या गांवांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि आज तळवलीच्या चहूंकडे इमारती आहेत. वाशीची घाऊक मंडई येथून जवळच. भायखळ्याचा भाजीचा घाऊक व्यापार १९९६ सालीं तेथें हलविण्यांत आला. तेव्हां भाजीला आम्हीं मंडळी मुळींच पारखीं नाहीं. कोबी, फुलकोबी, भोपळी मिरची बारा महिने मिळते, आणि खरें सांगावयाचें तर बारा महिने तिची चवहि एकच असते.

मे महिना सरतांना वळवाची एखादी सर पडते, आणि दोन-चार दिवसांत स्टेशनाच्या वाटेवर डोंगराकडच्या आदिवासी बायका दिसूं लागतात. त्यांच्यापुढें लांबट, जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या मांडलेल्या असतात आणि शेजारीं हिरव्या, गोल, लहानशा फळांचा वाटा असतो. पहिल्या वर्षीं मीं जुड्या घेतल्या व फळें नाकारलीं. “ताई, काकडं घ्या, त्यांच्याबिगर भाजी खाजंल,” असें ती बाई म्हणाली. मला वाटलें, ही आपला माल खपविते आहे. पांच-दहा रुपये वांचविल्याच्या समाधानांत मी घरीं आलें. रात्रीं जेवणाच्या पानावर काय झालें त्याचें वर्णन करीत नाहीं. सासूबाईंना दोन दिवस घोट गिळतांना त्रास झाला, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आतां असें कां होतें तें पाहूं. शेवळ म्हणजे जमिनींतल्या कंदाला पानाच्या आधीं फुटणारा फुलोरा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें शेवळ आणि आपला सुरण हीं एकाच वंशांतलीं. दोहोंच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेट या क्षाराचे सुईसारखे अणकुचीदार स्फटिक असतात. ते जिभेच्या व घशाच्या नाजूक त्वचेंत रुततात, आणि तीच खाज. अळूलाहि हाच दोष आहे. आपल्या आज्यांनीं या सुया कधीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या नव्हत्या. तरी सुरणाला चिंच व अळूला आमसूल लावल्यावांचून त्यांनीं तीं चुलीवर चढविलीं नाहींत. आंबटानें व भरपूर शिजविण्यानें ही खाज शमते. शेवळांसाठीं जें आंबट रानानेंच नेमून दिलें आहे तें काकड. काकडाच्या झाडाला फळें येतात तींहि याच दिवसांत, आणि विकणारी बाई दोन्ही एकाच टोपलींत घालून आणते. मला जी तिची लबाडी वाटली होती ती वास्तविक अर्धी पाककृति होती.

भाजीची रीत अशी. हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावून घ्यावा. शेवळाचें बाहेरचें आवरण सोलून काढावें. आंत मधल्या दांड्यावर जो पिवळसर दाणेदार भाग दिसतो तो सगळा खरवडून टाकावा. येथें आळस करूं नये, कारण निम्मी खाज तेथेंच असते. राहिलेला कोंवळा भाग बारीक चिरावा. काकडें ठेचून, बिया काढून, वाटून त्यांचें पाणी गाळून ठेवावें. काकडें न मिळालीं तर चिंचेचा दाट कोळ चालतो, पण चव तीच येत नाहीं. शेवळें तेलावर चांगलीं परतावीं. तीं आळून निम्मीं होतात, म्हणून दोन माणसांना एक जुडी हा हिशेब नेहमीं फसतो. मग काकडाचें पाणी घालून झांकण ठेवावें व मंद आंचेवर अगदीं मऊ होईपर्यंत शिजवावें. पूर्ण शिजण्याआधीं चव पाहण्याचा मोह आवरावा. शेवटीं कांदा, आलें-लसूण, हळद, तिखट यांचा परतलेला मसाला आणि ओलें खोबरें घालावें. आगरी व कायस्थ प्रभु घरांतून हिच्यांत कोलंबी, सोडे किंवा खिमा घालण्याची चाल आहे. शाकाहारी मंडळींनीं भिजविलेली चण्याची डाळ किंवा सोललेले वाल घालावे. माझ्या मतें वालाला तोड नाहीं, पण आमच्या घरीं या मुद्यावर दरवर्षीं मतभेद होतो.

शेतकऱ्यानें आपला माल थेट शहरांतल्या ग्राहकाला विकावा म्हणून महाराष्ट्रांत २०१६ सालीं संत सावता माळी यांच्या नांवानें आठवडे बाजारांची योजना निघाली, आणि फळें-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनांतून मोकळा करण्यांत आला. दलाली वांचते हा त्यांतला उघड लाभ. परंतु गृहिणीच्या दृष्टीनें मला दुसराच लाभ मोठा वाटतो. भाजी जिनें खुडली तिच्याच हातून ती घेतली, तर ती कशी सोलावी, कशाबरोबर शिजवावी हेंहि बरोबर येतें. हीच शेवळें कागदाच्या खोक्यांत बांधून दुकानांतल्या फळीवर आलीं तर काकडें मागें राहतील, सांगणारी मागें राहील, आणि आमच्या त्या रात्रीची पुनरावृत्ति घरोघर होईल. चार वेळां कोणाचा घसा धरला कीं भाजी विटाळते. मागणी थांबते, ती बाई टोपली घेऊन यावयाची थांबते, आणि तिच्या मुलीला काकडाचें झाड ओळखण्याचें कारण उरत नाहीं. म्हणून भाव करण्याआधीं तिला चार प्रश्न विचारावे. ती कंटाळत नाहीं, असा माझा अनुभव आहे. उलट त्या वर्षानंतर तीच मला पाहून आधीं काकडें मोजूं लागते आणि हंसते.

एक सूचना राहिली. आपण स्वतः रुळांच्या कडेचा किंवा नाल्याकांठचा पाला ओळखीचा वाटला म्हणून खुडून आणूं नये. तेथें धूर, धूळ व सांडपाणी यांचा संसर्ग असतो, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन पानांतला भेद आपल्या डोळ्यांना कळेलच असें नाहीं.

जूनच्या मध्यानंतर शेवळें मागूं नयेत; तीं जून झालेलीं असतात. तोंवर टाकळा आलेला असतो. त्याचीं पहिल्या पंधरवड्यांतलीं कोंवळीं पानेंच घ्यावीं, पुढें तीं कडवट व राठ होतात. त्याच सुमारास गवतासारखी दिसणारी फोडशी येते. हिच्याच वंशांतल्या एका जातीचें शास्त्रीय नांव आपल्या बोरिवलीवरून पडलें आहे. तिच्या पातीच्या बुडाचा पांढरा कडक भाग काढावा, माती निघेपर्यंत तीन पाणी धुवावी, आणि भरपूर कांद्यावर परतावी. कंटोलीं जुलैंत मिळूं लागतात. तीं हिरवीं असतांनाच आणावीं, पिवळीं पडलेल्यांच्या बिया दाताखालीं येतात.