विहारातला इन्व्हर्टर कोणाच्या भरवशावर?

शहादा परिसरात लाईट जाणे ही काही बातमी नाही. मे-जूनच्या वादळात तारा तुटतात, पावसाळ्यात फॉल्ट सापडेपर्यंत रात्र होते, आणि नेमके तेव्हाच वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू असते किंवा अभ्यासिकेत पोलीस भरतीची मुले बसलेली असतात. म्हणून वर्गणी काढून विहारात इन्व्हर्टर आणला जातो, संगणक असेल तर त्याला छोटा यूपीएस. वर्गणीच्या वेळी सगळी वस्ती हजर असते. यंत्र बसले की मात्र त्याचा वाली कोणी नसतो, आणि धोका इथूनच सुरू होतो.

विजेकडे आपण किरकोळ सोय म्हणून पाहू नये. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती.

आता मुद्द्याची गोष्ट. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. आपल्या विहारांत बॅटरी बहुधा कुठे असते? बुद्धमूर्तीच्या चौथऱ्याशेजारच्या कोपऱ्यात, कारण बोर्ड तिथेच असतो. आणि तिथेच मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लागतात. हवा खेळती असेल तर वायू निघून जातो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण खिडक्या बंद, बॅटरी लाकडी खोक्यात आणि वर पेटती मेणबत्ती ही मांडणी आजच मोडली पाहिजे. बॅटरी ओसरीत किंवा खिडकीजवळ, सावलीत, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी हवी. सावली एवढ्यासाठी की तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली ठेवलेल्या बॅटरीचे काय होत असेल याचा अंदाज करा.

इन्व्हर्टर आणि यूपीएस यांत फरक आहे. लाईट गेल्यावर यूपीएस साधारण १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, म्हणून संगणक बंद पडत नाही. पण त्याची बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास एवढीच असते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना लाईट गेली तर मिळालेली दहा-पंधरा मिनिटे अर्ज जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी असतात. पुढे काम रेटण्यासाठी नव्हे. यूपीएसला लेझर प्रिंटर, इस्त्री किंवा हीटर लावू नका. तो कपड्याने झाकू नका. आणि हे विसरू नका की भिंतीतला प्लग काढला तरी चालू यूपीएसच्या मागच्या सॉकेटात २३० व्होल्ट असतातच. चाचणी घ्यायची तर प्लग उपटू नका, भिंतीवरचे बटण बंद करा, म्हणजे अर्थिंग तुटत नाही. यूपीएसची बॅटरी फुगलेली दिसली तर तो त्याच क्षणी वापरातून काढा.

इन्व्हर्टर किती वेळ चालेल हे गणिताने कळते. १५० अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. यंत्रात होणारे नुकसान आणि बॅटरी पूर्ण उतरू न देण्याची काळजी धरली तर हाती १००० ते १२०० उरतात. ७५ वॅटचे ४ पंखे आणि २० वॅटच्या ६ एलईडी ट्यूब मिळून ४२० वॅट होतात, म्हणजे अडीच तास. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर चार तासांच्या पुढे. दुसरी बॅटरी घेण्याआधी हा हिशेब मांडा, वर्गणीचे पैसे वाचतील.

१४ एप्रिलला साऊंड सिस्टीम इन्व्हर्टरवर लावण्याचा मोह होतो, तो टाळा. जनरेटर आणलात तर दोन्ही टोकांना पिना असलेली वायर सॉकेटात खुपसून तो जोडू नका. ती वीज उलटी तारेवर जाते आणि तुमच्याच गल्लीत खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकते.

देखभाल फार नाही, पण ती ठरलेल्या माणसाने करावी. पाणी घालायच्या बॅटरीची पातळी दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला पाहायची. खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर भरायचे. नळाचे नाही, आरओचे नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला तर आधी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढा, मग निगेटिव्ह वायर आधी सोडा. हातात अंगठी, कडे नको. सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून, कोरडे करून व्हॅसलिन लावा. ॲसिड डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुऊन थेट दवाखाना गाठा. आग लागली तर पाणी मारायचे नाही. मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरायचे. हे सगळे एका वहीत तारखेसह लिहावे. आमच्या अनुभवात महिला मंडळाकडे दिलेली वही युवक मंडळाच्या वहीपेक्षा जास्त दिवस चालते.

राहिली जुनी बॅटरी. तिच्यात शिसे असते. शिशाने मुलांच्या मेंदूचे कायमचे नुकसान होते आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या रक्तात चिंता वाटावी इतके शिसे आहे, आणि बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. भंगार कोणत्या वस्त्यांत फोडले जाते, ते फोडणाऱ्या घरातली मुले कोणाची असतात, हे कळायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून दारावर चार पैसे जास्त मिळाले तरी बॅटरी तिथे देऊ नका. नवी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच जमा करा, बिलात तिची वजावट दाखवायला लावा आणि पावती विहाराच्या नावाने घेऊन त्याच वहीत चिकटवा.