बाटली उलटी केल्यानं ग्लिसरीन निघत नाही

बिअरची बाटली उघडायची, तोंडावर अंगठा दाबून ती उलटी करायची, पाणी भरलेल्या ग्लासात बुडवायची आणि अंगठा काढायचा. बाटलीतून काहीतरी दाट, तेलकट दिसणारं वेटोळी घेत पाण्यात उतरू लागतं. ‘बघितलं? ग्लिसरीन!’ मिनिटभरानं बाटली सरळ करायची आणि उरलेली बिअर निर्धास्त प्यायची. कंधार-लोह्याच्या ढाब्यांवर, नांदेडच्या परमिट रूममध्ये, लातूरच्या लग्नघराच्या गच्चीवर हा प्रकार कायम चालतो. शिकलेली माणसं करतात, विज्ञानाचे पदवीधरही करतात. आता तर पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं हौसेनं आणलेल्या बेल्जियन धाटणीच्या क्राफ्ट पेल एलचीही यातून सुटका नाही. त्यानं बाटली उघडली की कुणीतरी हात पुढे करतंच : ‘आधी ग्लिसरीन काढ की लेका, सकाळी डोकं धरंल!’

इथे मात्र गप्प बसवत नाही. चांगल्या एलचा वास आणि फेस त्या ग्लासभर पाण्यात घालवून वर आपण शहाणपणा केला असं मानणं, हे नुसतं चुकीचं नाही, नुकसानीचं आहे.

बाटलीतून उतरतं ती बिअरच असते. बिअर पाण्यापेक्षा जड आहे. धान्यातली काही साखर यीस्टला पचवता येत नाही. ती, थोडी प्रथिनं आणि इतर विरघळलेले घटक बिअरमध्ये मागे राहतात. त्यामुळे साध्या लागरची घनता पाण्याच्या साधारण १.००८ पट भरते आणि बेल्जियन पेल एलची १.०१० ते १.०१४ पट. त्यात बिअर फ्रीजमधून काढलेली असते आणि ग्लासातलं पाणी असतं उन्हाळ्यातल्या टाकीचं. पस्तीस अंशांच्या एक लिटर पाण्याचं वजन ९९४ ग्रॅम भरतं, गार बिअरचं १००८ च्या आसपास. जड द्रव वर आणि हलका खाली, अशी मांडणी केली की जड खाली उतरणार आणि हलका वर चढणार. शिवाय बाटली उलटी होताना बिअरमधला वायू सुटतो, वरच्या बाजूला साठतो आणि बिअरला आणखी खाली ढकलतो. दोन द्रवांतून प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वळतो म्हणून त्यांच्या सीमेवर त्या तेलकट रेघा दिसतात. तेलाचा किंवा ग्लिसरीनचा तिथे काही संबंध नाही.

मग बिअरमध्ये ग्लिसरीन नसतंच का? असतं, आणि ते यीस्ट स्वतः तयार करतं. आंबवताना पेशीचा रासायनिक तोल सांभाळण्यासाठी यीस्ट थोडी साखर ग्लिसरीनकडे वळवतं. बिअरमध्ये त्याचं प्रमाण लिटरला साधारण एक ते तीन ग्रॅम असतं. वाईनमध्ये ते बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट असतं; तरी वाईनची बाटली पाण्यात उलटी करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दोन-तीन ग्रॅमांनी बिअरच्या घनतेत जो फरक पडतो, तो लिटरमागे एक ग्रॅमसुद्धा नसतो. डोळ्यांना दिसणारा प्रवाह त्यातून निर्माणच होऊ शकत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. ग्लिसरीन पाण्यात कितीही प्रमाणात पूर्ण विरघळतं. एकदा विरघळल्यावर ते तळाशी बसत नाही, तरंगत नाही, वेगळं होत नाही. चहात विरघळलेली साखर कप कलता करून वेगळी काढता येईल का? मग बिअरमधलं ग्लिसरीन तेवढं निवडून खाली कसं येईल? उतरणाऱ्या प्रत्येक थेंबात पाणी, अल्कोहोल, साखर आणि ग्लिसरीन त्याच प्रमाणात असतं, ज्या प्रमाणात ते बाटलीत होतं.

तरीही पटत नसेल तर हाच प्रयोग कोलाच्या बाटलीवर करावा. साध्या कोलात दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते. ती बाटली पाण्यात उलटी केली तर बिअरपेक्षा कितीतरी ठळक ‘ग्लिसरीन’ उतरताना दिसेल. दोन्ही बाटल्या पाण्याइतक्याच गार करून साखर नसलेल्या डाएट कोलावर तेच करून पाहिलं तर धार अगदी क्षीण पडते. धारेचं कारण घनता आहे, हे याहून सोप्या रीतीनं दाखवता येणार नाही.

‘कंपन्या टिकवण्यासाठी ग्लिसरीन घालतात,’ हा पुढचा मुद्दा हमखास येतो. लिटरला दोन-चार ग्रॅम ग्लिसरीन काहीही टिकवत नाही. बिअर टिकते ती अल्कोहोलमुळे, आंबटपणामुळे, हॉप्समधल्या कडू आम्लांमुळे आणि कोंडलेल्या वायूमुळे; शिवाय कारखान्यात भरलेल्या बाटल्या बहुतेक वेळा साठ अंशांच्या आसपास गरम करून पाश्चराइज केलेल्या असतात. फुकट मिळणाऱ्या परिणामासाठी पैसे मोजून ग्लिसरीन कोण घालेल? आणि गोव्याच्या किंवा मिलिटरी कँटीनच्या बिअरमध्ये ते ‘नसतं’ असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यालाही आधार नाही. यीस्ट तिथेही तेच काम करतं. तीच कंपनी, तीच बिअर कॅनमधून आली की लोक काही न काढता पितात, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

‘पण काढल्यावर डोकं दुखत नाही, हा अनुभव आहे ना!’ अनुभव खरा असू शकतो, कारण वेगळं आहे. बाटलीतली थोडी बिअर ग्लासात गेली, तिच्या जागी पाणी आलं. म्हणजे अल्कोहोल कमी पोटात गेलं. डोकं अल्कोहोलनं दुखतं : शरीरातलं पाणी कमी होतं, झोप मोडते, अल्कोहोल पचताना तयार होणारी द्रव्यं त्रास देतात. त्यात बेचाळीस अंशांचा दिवस आणि सकाळपासून नीट पाणी न प्यायलेलं शरीर. हिशेबच मांडू या. ६५० मिलिलिटरच्या, ८ टक्के स्ट्राँग बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. ६० मिलिलिटरच्या, ४२.८ टक्के व्हिस्कीच्या लार्ज पेगमध्ये जवळपास २६. एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. ‘बिअर म्हणजे काय दारू थोडीच’ म्हणत ज्यानं दोन बाटल्या संपवल्या, त्यानं चार लार्ज पेग घेतलेत. सकाळच्या डोकेदुखीचा पत्ता इथे आहे.

मराठवाड्यातल्या बिअरवर शंका घ्यायचीच असेल तर ती पाण्याबद्दल घ्यावी. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) वाळूज पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि एक लिटर बिअर करायला, धुण्या-थंड करण्यासकट, कितीतरी लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्यकारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं साठ टक्क्यांपर्यंत कापायचा आदेश दिला. हा प्रश्न खराखुरा आहे, मन्याड नदीच्या खोऱ्यातल्या माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. त्यावर चार माणसांत बोलणं व्हायला हवं. ते सोडून चर्चा अडकते न निघणाऱ्या ग्लिसरीनवर.

आता त्या पेल एलकडे येऊ, कारण ग्लिसरीनच्या संशयानं सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर होतो. महाराष्ट्रात ताज्या क्राफ्ट बिअरची ओळख २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘डूलाली’ या ब्रुअरीपासून पसरली, गहू वापरून केलेली बेल्जियन विट तिथूनच अनेकांच्या जिभेवर आली. बेल्जियन पेल एल हा त्याच घराण्यातला, पण वेगळा प्रकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या एल आणि बोहेमियाच्या पिल्सनरपुढे टिकाव धरायचा म्हणून बेल्जियन ब्रुअरींनी तो घडवला. अँटवर्पची ‘डे कोनिंक’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. तांबूस रंग, पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, माफक कडवटपणा, भाजलेल्या धान्याचा खरपूस गोडवा. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते अशा प्रकारांच्या विविधतेमुळे आणि त्याभोवतीच्या जनजीवनामुळे.

या बिअरमधला खरा कारागीर यीस्ट आहे. तिचा वास घेतला की संत्र्याचा, नासपतीचा, कधी हलका लवंगेचा भास होतो. पहिल्यांदा पिणारा लगेच म्हणतो, ‘एसेन्स घातलाय.’ नाही. फळांचे वास ही यीस्टनं आंबवताना तयार केलेली एस्टर नावाची द्रव्यं आहेत. केळ्याला त्याचा वास ज्या एस्टरमुळे येतो, तोच एस्टर यीस्टही बनवतं. लवंगेसारखा वास येतो धान्यातल्या एका आम्लावर बेल्जियन यीस्टनं केलेल्या प्रक्रियेतून. विटमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. बेल्जियममधल्या होगार्डनची बंद पडलेली ही विट पियेर सेलिस यांनी १९६०च्या दशकात पुन्हा सुरू केली, तेव्हापासून ती कृती जगभर गेली. धने वापरलेली बिअर आपल्या माणसाला परकी वाटायचं काही कारण नाही.

आणि तो ‘गुळगुळीतपणा’, जो जिभेवर जाणवला की लोक ग्लिसरीनचं नाव घेतात? तो येतो न पचलेल्या साखरेतून, प्रथिनांतून, बारीक बुडबुड्यांतून. एलची परीक्षा करताना हाच गुण मुद्दाम शोधायचा असतो. घोट तोंडात फिरवायचा आणि पाहायचं : बिअर भरीव लागते की पचपचीत, गोडवा आधी येतो की कडवटपणा, गिळल्यावर तोंड कोरडं होतं की चिकट राहतं. चांगल्या पेल एलमध्ये गोडवा समोर येतो, पण शेवट कोरडा होतो आणि हलका कडवटपणा मागे रेंगाळतो. शेवटही गुळमट राहिला तर परीक्षणात तसं लिहावं, तो दोषच आहे. पण त्या चवीला ग्लिसरीन म्हणून मोकळं होऊ नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘दात शिवशिवतील इतकी चिल्ड हवी.’ गारठलेल्या जिभेला गोडवा कमी कळतो. जिभेच्या पेशींतली, चव ओळखणारी एक वाहिनी तापमानानुसार कमी-जास्त काम करते, हे बेल्जियममधल्याच लोव्हेन विद्यापीठातल्या कारेल तालावेरा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. वासही थंडीत दबतो. पेल एल सात ते दहा अंशांना प्यावी. आपल्याकडच्या मे महिन्यात फ्रीजबाहेर काही मिनिटं पुरतात.

‘फेस म्हणजे फसवणूक.’ बाटली तुमचीच आहे, फेसानं माप कमी होत नाही. दोन बोटं फेस हवाच, वास तोच धरून ठेवतो. फेस लगेच बसला तर ग्लास नीट धुतलेला आहे का पाहावं, आणि तळलेल्या शेंगदाण्यांचं तेल ओठांवरून ग्लासात जातंय का, तेही.

‘तळाशी गाळ, म्हणजे नासलेली.’ बाटलीतच शेवटचं आंबवणं झालेल्या बिअरमध्ये तो गाळ यीस्टचा असतो.

‘गडद म्हणजे कडक.’ काळीभोर ड्राफ्ट गिनेस ४.२ टक्के, सोनेरी ड्युव्हेल ८.५ टक्के. रंग धान्य किती भाजलं त्यावर ठरतो.

‘बिअरनं मुतखडा पडून जातो.’ १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या सत्तावीस हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात बिअर पिणाऱ्यांमध्ये मुतखडा होण्याचं प्रमाण कमी आढळलं, हे खरं. पण ते नवा खडा होण्याबद्दल होतं; अडकलेला खडा बिअरनं पडतो, असं त्यात कुठेही नाही. बिअरमधल्या प्युरिनमुळे युरिक आम्ल वाढतं आणि त्याचेही खडे होतात. लघवी वाढवायची तर पाणी आहे. अल्कोहोलची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि औषध म्हणून बिअर घेणाऱ्यानं ते आधी वाचावं.

बिअर खरंच बिघडलेली असू शकते, त्याच्या खुणा मात्र वेगळ्या आहेत. पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती जुनी झालीय किंवा पत्र्याच्या गोदामात तापलीय. उग्र, गंधकाचा, नकोसा वास आला तर बाटलीवर ऊन पडलंय. प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू आम्लांपासून तो तयार होतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेत हे लवकर घडतं, तपकिरी काचेत उशिरा. म्हणून बिअर शॉपीत बाटली हातात घेतली की लेबलवरची तयार केल्याची तारीख वाचावी, आणि दाराशी उन्हात रचलेल्या क्रेटमधली बाटली दुकानदार देत असेल तर आतली मागावी.