एक अणुभट्टी, चार देशांचं युरेनियम

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर तारापूर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. बोईसरला उतरून समुद्राकडे निघालं की भारताचं हे पहिलं अणुवीज केंद्र लागतं. त्यातल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. पण त्यांत जळालेलं युरेनियम अमेरिकेचं, फ्रान्सचं, चीनचं आणि रशियाचंही! शीतयुद्धात एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्या देशांचं इंधन एकाच भट्टीत कसं काय पोचलं?

सुरुवात ८ डिसेंबर १९५३ची. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत शांततेसाठी अणुशक्ती वापरण्याची योजना मांडली. पुढच्याच जूनमध्ये सोव्हिएत युनियनने ऑब्निन्स्क इथली अणुवीज तारांमधून खेळवून दाखवली. भांडवलशाही श्रेष्ठ की साम्यवाद, या वादाला आता नवी धार चढली : नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना पुढे कोण नेणार? भारताने दोघांशीही बोलणी चालू ठेवली. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली, ती सोव्हिएत मदतीने. तारापूरसाठी १९६३ मध्ये करार झाला, तो अमेरिकेशी. सुमारे ८ कोटी डॉलरचं कर्जही अमेरिकेनेच दिलं. या प्रकल्पामागे उभे असलेले होमी भाभा १९६६ मध्ये विमान अपघातात गेले. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरची वीज नियमित मिळू लागली.

अमेरिकेशी झालेल्या करारात एक मेख होती. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये सहज भंगणारा २३५ हा प्रकार जेमतेम ०.७ टक्के असतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत साधंच पाणी उकळतं आणि त्याची वाफ थेट टर्बाइन फिरवते. पण युरेनियम भंगवणारे काही न्यूट्रॉन साधं पाणी गिळून टाकतं. त्यामुळे हे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांपर्यंत वाढवलेलं, म्हणजे समृद्ध केलेलं युरेनियमच लागतं. करंगळीच्या पेराएवढ्या त्याच्या गोळ्या धातूच्या नळ्यांत भरायच्या आणि अशा ३६ नळ्यांचा एक जुडगा बांधायचा. हैदराबादचा कारखाना गोळ्या आणि जुडगे तयार करू लागला, पण समृद्ध युरेनियम यायचं ते अमेरिकेहूनच. ते ३० वर्षं पुरवण्याचं वचन अमेरिकेने दिलं होतं.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुचाचणी झाली. तिचं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं, ते ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ भट्टीतलं होतं. ती भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि तिला जड पाणी अमेरिकेने दिलं होतं. पण फटका बसला तारापूरला. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदाच केला : आपली सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली न आणणाऱ्या देशाला इंधन द्यायचं नाही. त्याच वर्षी जानेवारीत अध्यक्ष कार्टर दिल्लीत होते. पंतप्रधान मोरारजी देसाई अणुप्रश्नावर बधत नव्हते. परत गेल्यावर त्यांना थंड आणि रोखठोक शब्दांत पत्र लिहायला हवं, असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात कुजबुजले. जवळचा मायक्रोफोन चालूच होता!

पण खरी कमाल पुढेच आहे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि वॉशिंग्टनचं गणित बदललं. इंधन अडवून भारताला दुखवायचं, तर तो मॉस्कोच्या आणखी जवळ जाईल! मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने ३८ टन इंधनाला एकमताने नकार दिला होता. त्याच कार्टर यांनी तो निर्णय फिरवला. प्रतिनिधिगृहाने विरोध केला. माल अडवायला दोन्ही सभागृहांचा विरोध लागणार होता, पण सप्टेंबरमध्ये सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी तो जाऊ दिला. तारापूरच्या इंधनाचा फैसला केवळ दोन मतांनी झाला!

हा दिलासा टिकला नाही. १९८२ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यात तोडगा निघाला : इंधन फ्रान्सने द्यावं. १९६३चा मूळ करार १९९३ मध्ये संपला, तेव्हा फ्रान्सही मागे सरला. मग १९९५ मध्ये युरेनियम आलं ते चीनकडून. त्यानंतर २००१ मध्ये अमेरिकेच्या नाराजीला न जुमानता रशियाने पुरवठा केला. अमेरिकेने बांधलेली भट्टी, अमेरिकेच्याच जुन्या वैऱ्याच्या इंधनावर!

तारापूरच्याच आवारात २००५ मध्ये चौथी आणि २००६ मध्ये तिसरी भट्टी सुरू झाली. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या भट्ट्या भारतीय बनावटीच्या आहेत. त्यांत जड पाणी वापरतात. ते न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, म्हणून समृद्ध न केलेलं युरेनियमही चालतं. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना मात्र उठावं लागलं, हेही विसरू नये.

महासत्तांच्या विचारसरणीचे वाद व्यासपीठांवर रंगले. तारापूरला युरेनियम मिळालं किंवा अडलं, ते मात्र त्या-त्या वेळच्या सोयीच्या हिशेबानेच.