कवटीच्या तळावरील अर्बुदे व नासामार्गाने शस्त्रक्रिया

कवटीच्या तळाचा पुढचा व मधला भाग म्हणजे वर मेंदू आणि खाली नासागुहा यांमधील अस्थिमय विभाजक होय. या प्रदेशातील, विशेषतः पोष ग्रंथीची, अर्बुदे काढण्यासाठी पूर्वी बहुधा कवटी उघडून मेंदू बाजूस सारावा लागे. ऑस्ट्रियातील हर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये नाकाच्या वाटेने असे अर्बुद काढले. परंतु त्यासाठी बाह्य नाकच बाजूस वळवावे लागले. खरी अडचण होती ती अरुंद व खोल जागी प्रकाश नेण्याची. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ मध्ये योजिलेल्या काचदंडांच्या भिंगरचनेने ती दूर केली. सुमारे चार मिलिमीटर जाडीची अंतर्दर्शक नळी आता चेहऱ्यावर छेद न घेता जतुकास्थीच्या कोटरापर्यंत नेता येते.

तथापि अर्बुद काढणे हे अर्धेच कार्य होय. अस्थी व मस्तिष्कावरण छेदिल्यावर मस्तिष्क-मेरुद्रव नाकात झिरपू लागतो आणि त्याच वाटेने जंतू वर जाऊन मेंदूच्या आवरणाचा प्राणघातक दाह उत्पन्न करू शकतात. स्वतःचा रक्तपुरवठा नसलेले ठिगळ मोठ्या छिद्रावर रुजेल याचा भरवसा नसतो. यावर आर्जेन्टिनातील हदाद व बासागास्तेगी यांनी उपाय शोधला. नाकाच्या मध्यपडद्यावरील श्लेष्मकला तिच्या रोहिणीच्या देठासह उचलून छिद्रावर बसवावयाची, असा तो उपाय होय. २००६ मधील अहवालात ४३ रुग्णांपैकी दोघांतच गळती आढळली.

सजीव देठाचे हे तत्त्व पुण्यास अपरिचित नाही. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला. तीत कपाळाची कातडी भुवयांमधील देठ शाबूत राखून खाली वळविली होती. नवे नाक रुजल्यावरच तो देठ छेदण्यात आला. दोन्ही पद्धतींत परंपरेचा थेट धागा नसला, तरी शरीरधर्म एकच आहे.

या मार्गाला मर्यादाही आहेत. अर्बुद दृक्-तंत्रिकेच्या किंवा ग्रैव रोहिणीच्या पलीकडे बाजूस पसरले असल्यास कवटी उघडणेच श्रेयस्कर ठरते. मध्यपडदाच अर्बुदाने ग्रासला असल्यास तेथील श्लेष्मकला वापरता येत नाही. शिवाय जतुकास्थीचे कोटर उघडताना रोहिणीचा देठ तुटण्याचा संभव असतो; म्हणून छिद्र कसे बुजवावयाचे, याचा निर्णय ते पाडण्यापूर्वीच करावा लागतो.